पुढचा होल रिकामा दिसतोय

चिलीचा होआकिन नीमन २०२१ च्या टूर चॅम्पियनशिपमधला शेवटचा राउंड १ तास ५३ मिनिटांत खेळून मोकळा झाला. अटलांटाच्या ईस्ट लेक कोर्सवर ब्रुक्स केप्काने दुखापतीमुळे माघार घेतली होती, खेळाडूंची संख्या विषम झाली आणि सगळ्यांच्या आधी निघालेल्या नीमनला जोडीदारच उरला नाही. मग पठ्ठ्या दोन फटक्यांमधलं अंतर चक्क पळत कापू लागला. १८ होल, ७२ फटके. एरवी याच दर्जाच्या खेळाडूंना जोडीने खेळताना चार तास लागतात आणि तिघांचा गट असला की पाच तासही पुरत नाहीत.

धावत खेळा, असं कोणी म्हणत नाही. पण त्या राउंडने एक हिशेब उघडा पाडला. स्विंगला दोन सेकंदही लागत नाहीत. हौशी खेळाडूने ९० फटके मारले तरी प्रत्यक्ष बॉल मारण्यात जेमतेम तीन मिनिटं जातात. चालण्यात दीड-दोन तास. बाकीचा वेळ उभं राहण्यात, शोधण्यात, विचारण्यात, ठरवण्यात आणि ठरवलेलं मोडण्यात जातो. रेंगाळणाऱ्याला तो जाणवत नाही, कारण तो आपल्या फटक्यात गुंतलेला असतो. मागच्या टीवर ड्रायव्हर हातात धरून उभ्या असलेल्या चौघांना मात्र त्यातला प्रत्येक सेकंद दिसतो.

व्यावसायिक गोल्फमध्ये या रेंगाळण्याची किंमत कधीकधी रोख मोजावी लागते. २०१३ च्या मास्टर्समध्ये चीनचा ग्वान तियानलांग अवघा १४ वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी ऑगस्टावर वारा सारखा दिशा बदलत होता. पोरगं क्लब काढायचं, कॅडीशी बोलायचं, क्लब परत ठेवून दुसरा काढायचं. आधी ताकीद मिळाली. मग सतराव्या होलवर दुसरा फटका मारल्यावर पंच जॉन पॅरामोर यांनी एका फटक्याचा दंड सुनावला. कट नेमका ग्वानच्याच स्कोअरवर पडला. अजून एक फटका वाढला असता तर मास्टर्समध्ये कट पार करणारा सर्वांत लहान खेळाडू म्हणून त्याचं नाव लागलं नसतं. पोराने कुरकुर न करता निर्णय मान्य केला. कुरकुर केली ती बाकीच्यांनी. थोरामोठ्यांना कधी असा दंड होत नाही, मग या लेकरालाच का? प्रश्न वाजवी होता. पीजीए टूरवर १९९५ नंतर थेट २०१७ पर्यंत संथ खेळासाठी कोणालाही फटक्याचा दंड झालेला नव्हता.

थोरामोठ्यांपैकी एक जे. बी. होम्स. २०१८ साली टोरी पाइन्सच्या अठराव्या होलवर दुसऱ्या फटक्यासाठी तो चार मिनिटांहून अधिक वेळ उभा राहिला. वारा पडायची वाट पाहिली आणि शेवटी पाण्याच्या अलीकडेच बॉल ठेवला. विजेतेपदाच्या शर्यतीतला अलेक्स नोरेन तेवढा वेळ शेजारी ताटकळत होता. होम्सला दंड झाला नाही, टीका मात्र भरपूर झाली.

महिला गोल्फ या बाबतीत अधिक कडक. २०१२ च्या सायबेस मॅच प्ले स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात मॉर्गन प्रेसेलने बारावा होल जिंकला होता. संथ खेळाचा दंड म्हणून तो काढून प्रतिस्पर्धी आसाहारा मुन्योसला देण्यात आला. तीन होलांची आघाडी एकावर आली, सामना गेला आणि पुढे मुन्योसने स्पर्धा जिंकली. २०२३ च्या एव्हियाँ चॅम्पियनशिपमध्ये कार्लोता सिगांदाला राउंडच्या अखेरच्या होलवर दोन फटक्यांचा दंड झाला. तो न धरताच तिने स्कोअरकार्डवर सही केली. निकाल: स्पर्धेतून बाद. मार्च २०२५ पासून एलपीजीएने तर सेकंदांचा तक्ताच केला आहे. ठरलेल्या वेळेपेक्षा ५ सेकंदांपर्यंत उशीर झाला तर पैशांचा दंड, ६ ते १५ सेकंदांना एक फटका, १६ किंवा अधिक सेकंदांना दोन.

क्लबात रविवारी सकाळी खेळणाऱ्यांच्या मागे घड्याळ घेऊन कोणी पंच फिरत नाही. म्हणून तिथला रोग जास्त चिवट. प्रस्तुत लेखक पुण्यात बरीच वर्षं खेळतो आणि त्याचं ठाम मत असं की संथ खेळाचा आणि वाईट खेळाचा फारसा संबंध नाही. शंभराच्या वर फटके मारणारे कितीतरी ज्येष्ठ सदस्य चालत येतात, एकदा बघतात, मारतात आणि पुढे निघतात. खरा वेळ खातो तो टीव्हीवर बघून बघून शिकलेला बऱ्यापैकी चांगला खेळाडू. हा आपली पाळी आली की मग हातमोजा घालतो. मग लेझर काढून अंतर मोजतो. कॅडी बोलला की आणखी एकदा मोजतो. तीन प्रॅक्टिस स्विंग, आणि बॉल बंकरमध्ये.

यावर उपाय एकच, आणि तो पाळी येण्याआधीचा आहे. दुसरा खेळत असताना आपलं अंतर, क्लब आणि पटची रेषा ठरवून ठेवायची. २०१९ साली नियम बदलले तेव्हा पाळी आल्यावर ४० सेकंदांत फटका मारावा, अशी शिफारस थेट पुस्तकात आली. स्ट्रोक प्लेमध्ये ज्याची तयारी झाली आहे त्याने आधी मारावं, यालाही मान्यता मिळाली. होलपासून लांब असलेल्याने आधी खेळायचं हा रिवाज मॅच प्लेसाठी राहू द्या. रविवारच्या चौकडीत त्यापायी ताटकळण्याचं कारण नाही. झेंडा आता होलमध्ये ठेवूनही पट करता येतो, त्यामुळे तो काढायला कोण जाणार यावरची नजरानजरही थांबायला हवी. आणि विनाकारण उशीर केला तर पहिल्यांदा एक फटका, दुसऱ्यांदा दोन, तिसऱ्यांदा बाद, हा नियम क्लबच्या स्पर्धेलाही लागू आहे. समित्या तो वापरत नाहीत, एवढंच.

बॉल शोधण्याची मुदत पाचवरून तीन मिनिटांवर आली. पावसाळ्यानंतरच्या रफमध्ये तीन मिनिटं कमीच वाटतात, पण आपल्याकडे एक सोय आहे जी परदेशातल्या सामान्य गोल्फरला क्वचितच मिळते: पुढे उभा राहून बॉल हेरणारा आगेवाला. तो असूनही बॉल हरवेल अशी शंका आली तर टीवरूनच तसं सांगून प्रोव्हिजनल मारून घ्यावा. दोनशे यार्ड चालत जायचं, चौघांनी आणि चार कॅडींनी झुडपं तुडवायची, मग मान खाली घालून परत टीवर यायचं, या मिरवणुकीइतकं मागच्यांचं डोकं दुसरं काही फिरवत नाही.

ग्रीनवरचा वेळ सर्वांत फुकट जातो. स्कोअर तिथेच लिहायचा, पैजेचा हिशेब तिथेच करायचा, हुकलेला पट पुन्हा मारून बघायचा; मागे फेअरवेवर चौघे कमरेवर हात ठेवून उभे! हे सगळं पुढच्या टीवर करता येतं. बॅगही ग्रीनच्या त्या बाजूला ठेवायला सांगावी जिथून पुढच्या टीची वाट जाते.

सगळा दोष खेळणाऱ्यांचा नाही, हेही सांगायला हवं. पार-४ वर पुढच्या गटाने दुसरा फटका मारला की मागचा गट टी-ऑफ करू शकतो, म्हणजे एका होलवर दोन गट मावतात. पार-३ वर मावतो एकच. आता क्लबने आठ-आठ मिनिटांनी गट सोडले आणि पार-३ उरकायला दहा मिनिटं लागत असतील, तर कोणीही न रेंगाळता रांग लागणारच. अशा होलवर ग्रीनला पोचलेल्या गटाने बाजूला होऊन मागच्यांना टी-ऑफ करू द्यावं. ते चालत येईपर्यंत आपले पट होतात. पीजीए टूरलाही अखेर हे गणित पटलं. पूर्ण संख्येने खेळाडू घेणाऱ्या स्पर्धांमध्ये १५६ ऐवजी जास्तीत जास्त १४४ खेळाडू घेण्याचा निर्णय त्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये केला.

आपला गट संथ आहे का, हे ओळखायचं कसं? बहुतेक जण मागे वळून बघतात आणि मागे कोणी नाही म्हणून निश्चिंत होतात. बघायचं असतं पुढे. पुढचा गट दिसेनासा झाला, अख्खा होल रिकामा पडला, की आपण मागे पडलो. कॅडीला हे आपल्या आधी कळतं. 'साहेब, पुढचा होल रिकामा आहे,' असं तो अदबीने म्हणतो, तेव्हा ती माहिती नसते, सूचना असते. मागचे खोळंबले असतील तर त्यांना हात करून पुढे जाऊ द्यावं, मग ते दोघे असोत की चौघे. यात कमीपणा वाटणारे खूप भेटतात. पुढे जाणाऱ्यांनीही आभार मानून लगबगीने सटकावं. नेमकी तेव्हाच गप्पांची बैठक मारणारे महाभागही आहेत.

नव्या सदस्यांना मात्र ओरडून काही साधत नाही. घाबरलेला माणूस आणखी हळू खेळतो. त्यांना त्याच होलच्या पुढच्या, म्हणजे ग्रीनला जवळच्या टीवरून खेळायला सांगावं. अमेरिकेत २०११ पासून याची रीतसर मोहीमच निघाली होती. आपल्याकडे मागच्या टीवरून खेळण्यात उगाच प्रतिष्ठा अडकलेली असते आणि पहिल्या फटक्याला बॉल लेडीज टीसुद्धा ओलांडत नाही. नवशिक्यांच्या स्पर्धा स्टेबलफर्डने, म्हणजे दर होलला पॉइंट देऊन, घ्याव्यात, किंवा दर होलला कमाल स्कोअरची मर्यादा घालावी. २०१९ पासून नियमांत तीही तरतूद आहे. पॉइंट मिळण्याची आशा संपली की त्या होलवर आठवा-नववा फटका मारण्यात अर्थ नसतो. बॉल उचलून खिशात टाकता येतो, आणि कार्डावर शून्य लिहायचं काम पुढच्या टीवर होतं.