वस्त्र, शील आणि पवित्र शास्त्राचा शब्द

शास्त्रभाग : १ करिंथ ११:२-१६, १ तीमथ्य २:९-१०, तीत २:१-१२

स्त्रियांच्या पेहरावाविषयी मंडळीत वाद निघाला की वरील वचनांचा आधार घेतला जातो. परंतु ही पत्रे ज्या समाजात प्रथम वाचली गेली, त्या समाजात स्त्रीचे वस्त्र आणि तिचे शील यांचा काय संबंध होता, हे पाहिल्यावाचून त्यांचा अर्थ नीट लागत नाही.

रोमी समाजात विवाहित कुलीन स्त्री अंगरख्यावर ‘स्तोला’ नावाचे पायघोळ वस्त्र घालीत असे. बाहेर पडताना ती ‘पाल्ला’ नावाचे उपवस्त्र आपल्या पदराप्रमाणे डोक्यावरून घेई. ही स्त्री पतिव्रता आहे, तिच्या वाटेस जाऊ नये, असे त्या वस्त्रांवरून पाहणाऱ्यास कळे. या बंधनाची कठोरता एका उदाहरणावरून लक्षात येते. पत्नी घराबाहेर उघड्या डोक्याने दिसली, एवढ्याच कारणावरून गायस सुल्पिसियस गॅलस या रोमी सरदाराने तिला सोडून दिले, अशी नोंद पहिल्या शतकातील लेखक वालेरियस मॅक्सिमस याने केली आहे.

औगुस्त कैसराने (लूक २:१) इ.स.पूर्व १८ च्या सुमारास व्यभिचाराविरुद्ध कायदा केला. दोषी स्त्रीची अर्धी स्त्रीधनाची रक्कम व एकतृतीयांश मालमत्ता जप्त होई आणि तिला बेटावर हद्दपार केले जाई. दोषी पुरुषालाही शिक्षा होती. मात्र विवाहित पुरुषाने दासीशी किंवा वेश्येशी संबंध ठेवला, तर कायद्याच्या दृष्टीने तो व्यभिचार ठरत नसे. दासी व वेश्या यांना स्तोला वापरण्याचा अधिकार नव्हता. म्हणजे शील हे सर्व स्त्रियांचे कर्तव्य मानले जात नव्हते. तो उच्च दर्जाच्या स्त्रीचा मान होता आणि तिचे बंधनही होते. दासीला शील असू शकते, ही गोष्टच कायद्याला ठाऊक नव्हती.

करिंथ ही रोमी वसाहत इ.स.पूर्व ४४ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या पहिल्या रहिवाशांत मुक्त केलेले दास पुष्कळ होते. तेथील मंडळीतही दास होते, हे १ करिंथ ७:२१ वरून स्पष्ट होते. अशा मंडळीस लिहिताना, प्रार्थना करणाऱ्या व संदेश देणाऱ्या प्रत्येक स्त्रीने मस्तक आच्छादावे, असे पौल सांगतो. या अध्यायाच्या अर्थाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तरी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे : पौल येथे कुलीन स्त्री व दासी असा भेद करीत नाही. नगराने जो मान काही जणींसाठी राखून ठेवला होता, तो उपासनेत सर्वांचा झाला.

आता शब्दाकडे वळू. १ तीमथ्य २:९ मध्ये स्त्रियांकडून अपेक्षिलेला गुण ग्रीक भाषेत ‘सोफ्रोसिनी’ आहे. ‘शाबूत मन’ हा त्याचा मूळ भाव. ग्रीक जगात हा शब्द पुरुषाविषयी आला की संयम आणि स्त्रीविषयी आला की बहुधा पातिव्रत्य, असा अर्थ घेतला जाई. परंतु पौल हाच धातू अध्यक्षासाठी (१ तीमथ्य ३:२), वृद्ध पुरुषांसाठी, तरुण स्त्रियांसाठी आणि तरुण पुरुषांसाठी (तीत २:२, ५, ६) योजतो. दासांविषयी बोध केल्यावर, देवाची कृपा सर्व माणसांस असेच जगण्यास शिकवते, असे तो म्हणतो (तीत २:११-१२). ‘शुद्ध’ या अर्थाचा ‘हग्नोस’ हा शब्दही तरुण स्त्रियांस (तीत २:५) आणि तरुण तीमथ्यास (१ तीमथ्य ५:२२) सारखाच लावलेला आहे. भाषांतरात स्त्रीसाठी ‘शालीन’ व पुरुषासाठी ‘समंजस’ असे वेगळे शब्द आले, की हे साम्य वाचकाच्या नजरेआड होते. मत्तय ५:२८ मध्ये तर प्रभू येशू दोष पाहणाऱ्याच्या अंतःकरणात दाखवतो. स्त्रीच्या वस्त्राचा तेथे उल्लेखही नाही.

वस्त्रावरून दर्जा ठरवण्याची रीत आपल्या देशातही होती. त्रावणकोर संस्थानात नाडार स्त्रियांना उच्चवर्णीयांसमोर छाती झाकण्याची मनाई होती. ख्रिस्ती झालेल्या नाडार स्त्रियांनी अंग झाकले, तेव्हा त्यांच्यावर हल्ले झाले. १८२९ च्या जाहीरनाम्याने त्यांना केवळ कुडते घालण्याची मुभा दिली. २६ जुलै १८५९ च्या जाहीरनाम्याने ख्रिस्तेतर नाडार स्त्रियांनाही अंग झाकता आले, पण उच्चवर्णीयांच्या पद्धतीने नव्हे. रोममध्ये न झाकल्याबद्दल शिक्षा, त्रावणकोरात झाकल्याबद्दल. दोन्हीकडे स्त्रीच्या देहावर समाजाने आपली उतरंड लिहिली.

म्हणून मंडळीत पेहरावाविषयी नियम करताना आपण आधी विचारावे, की हा नियम पुरुषांच्या संयमाविषयीही काही बोलतो काय? बोलत नसेल, तर आपण शास्त्राचा अर्धाच शब्द वाचला आहे.

चिंतनासाठी प्रश्न
१. तीत २:१-१२ मध्ये कोणकोणत्या गटांस बोध केला आहे? त्यांपैकी कोणते गट आपल्या उपदेशातून वगळले जातात?
२. आपल्या मंडळीत एखाद्या भगिनीचा मान तिच्या वस्त्रावरून ठरतो काय?