चूक वहीत उतरव

पुणे

चि. मुक्ता हिस,


तुझं पत्र पोचलं. उतरताना उंचीचा अंदाज चुकला, प्रशिक्षकांनी ऐनवेळी विमान ताब्यात घेतलं आणि तुझं सोलो उड्डाण लांबलं, हे तू चार ओळींत उरकलंस. ‘मी या कामाची नाहीच’ यावर मात्र दीड पान खर्ची घातलंस. माझ्या दृष्टीने कामाच्या त्या चारच ओळी. त्या वाढव, एवढंच सांगायला हे पत्र.

अलेक्सांद्र पोक्रिश्किन हे नाव तू ऐकलं असशील. नोवोसिबिर्स्कच्या कामगार घरातला मुलगा. हवाई दलात आधी माझ्यासारखाच तंत्रज्ञ. वैमानिक व्हायचं म्हणून अर्जामागून अर्ज केले, ते फेटाळले गेले. शेवटी १९३८ साली रजेत फ्लाइंग क्लबात जाऊन त्याने तिथला अभ्यासक्रम १७ दिवसांत पुरा केला, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली.

२२ जून १९४१ ला जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला. त्याच दिवशी मोल्दाव्हियाच्या आकाशात मिग-३ मधल्या पोक्रिश्किनला अनोळखी बॉम्बफेकी विमानं दिसली. त्याने एकावर गोळ्या झाडल्या, आणि जवळून जाताना त्या विमानाच्या पंखांवर लाल तारे दिसले. ती त्यांचीच सु-२ विमानं होती. ती इतकी गुप्त ठेवलेली, की लढाऊ वैमानिकांना ती ओळखायची कशी हेच ठाऊक नव्हतं. सबब आयती होती. पण त्या क्षणी त्याने आपलं विमान मध्ये घालून सोबत्यांना मारा करण्यापासून थांबवलं, आणि पुढे आठवणी लिहिल्या तेव्हाही हा प्रसंग झाकला नाही.

जिंकलेल्या आणि फसलेल्या लढतींच्या आकृत्या तो वहीत काढू लागला. कोण किती उंचीवर होतं, कोण कुठे वळलं, गोळी किती अंतरावरून सुटली. त्यातून चार शब्द निघाले : उंची, वेग, डाव, मारा. उंची हातात असली की खाली झेपावून वेग मिळतो. वेगामुळे डाव आपल्या मर्जीने टाकता येतो, अगदी जवळून मारा करता येतो आणि पुन्हा वर निघून जाता येतं. तीन-तीन विमानांचे दाटीचे गट सोडून त्याने जोड्या धरल्या, त्याही पायऱ्यांसारख्या वेगवेगळ्या उंचीवर. १९४३ च्या वसंतात कुबानच्या आकाशात ही रचना खरी उतरली.

मधल्या काळात, १९४२ मध्ये, वरिष्ठांशी खटका उडून त्याचं पद गेलं, खटल्याची वेळ आली. वही मात्र सुटली नाही. आघाडीवरच्या भुयारी खोलीत भिंतीवर त्या आकृत्या लावून, हातात विमानांच्या छोट्या प्रतिकृती घेऊन तो नव्या पोरांना शिकवायचा. अधिकृत नोंदीत त्याच्या नावावर ५९ विमानं आहेत. ऑगस्ट १९४४ मध्ये ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा किताब तीनदा मिळवणारा तो पहिला ठरला. मला त्या पदकांहून ती भिंत मोठी वाटते. एकाची चूक तिथे सगळ्यांच्या उपयोगी पडत होती.

मी नोकरीत नवा असताना एका संध्याकाळी हत्यारं मोजली, तर एक पाना कमी. रागावतील म्हणून दहा मिनिटं गप्प राहिलो. मग वरिष्ठांना सांगितलं. पाना इंजिनाच्या कप्प्यात सापडला आणि विमान सकाळी वेळेवर उडालं. ती दहा मिनिटं मला आजही टोचतात, पाना विसरल्याचं तेवढं टोचत नाही.

तेव्हा आज रात्री वही काढ. शेवटच्या वळणावर वेग किती होता, थ्रॉटल केव्हा मागे घेतला, धावपट्टी जवळ आल्यावर नजर कुठे होती, हे सगळं आठवून आकृती काढ. उद्या ती प्रशिक्षकांपुढे ठेव. बॅचमधलं कुणी त्याच जागी अडखळत असेल, तर त्यालाही दाखव. लाज वाटेल. वाटू दे, पण वही मिटू नकोस.

तुझ्या आईला मी यातलं काही बोललेलो नाही. तिला तूच फोन करून सांग. सुरुवात तिथून कर.

तुझा,
मामा