उघडझापीतून मोठा होणारा आवाज



आपल्या वर्गावर पत्रे आहेत. पावसाळ्यात त्यावर सर वाजू लागली, की बाईंच्या मोबाईलवरची कविता पहिल्या दोन रांगांनाच ऐकू येते. मागची मुले नुसती तोंडाकडे बघत बसतात. त्या वेळी वीजही बऱ्याचदा गेलेली असते. म्हणून घरच्या विजेशिवाय चालणारा, स्वस्त ध्वनिवर्धक शाळेतच करायचे गुरुजींनी ठरवले. आम्ही सातवीच्या मुलामुलींनी तो केला. तो कसा चालतो आणि कसा करायचा, ते या पाठात सांगते.

ध्वनिवर्धक म्हणजे काय?

मोबाईलच्या इअरफोनच्या भोकातून आवाजाची विजेची लहर बाहेर येते. ती फार दुबळी असते. स्पीकरचा मोठा कागद हलवायची ताकद तिच्यात नसते. ध्वनिवर्धक तिच्या हुकमाने बॅटरीतली वीज स्पीकरकडे सोडतो. शेतात दारे धरणारा माणूस काही पाणी ओढत नाही. पाणी मोटर ओढते. तो फक्त किती पाणी कुठे जाऊ द्यायचे ते ठरवतो. तसेच हे आहे. ताकद बॅटरीची, हुकूम मोबाईलचा.

जुनी रीत आणि नवी रीत

जुन्या ध्वनिवर्धकात ट्रान्झिस्टर अर्धवट उघड्या चावीसारखा काम करतो. समजा, बॅटरी ५ व्होल्टची आहे आणि स्पीकरला त्या क्षणी २ व्होल्ट हवे आहेत. मग उरलेले ३ व्होल्ट ट्रान्झिस्टरने अडवायचे. ४ ओहमच्या स्पीकरमधून अशा वेळी अर्धा अँपिअर वीज वाहते. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. स्पीकरला १ वॅट मिळाला, पण ट्रान्झिस्टरमध्ये दीड वॅटची नुसती उष्णता झाली. बॅटरीतून अडीच वॅट गेले आणि निम्म्याहून जास्त वाया गेले!

नव्या रीतीत चावी कधीच अर्धवट नसते. एकतर पूर्ण उघडी, नाहीतर पूर्ण बंद. पूर्ण उघडी असली की अडथळा जवळजवळ नाही. पूर्ण बंद असली की वीजच वाहत नाही. म्हणून उष्णता फार थोडी होते. तोच १ वॅट स्पीकरला द्यायला बॅटरीतून सव्वा वॅटही लागत नाही.

तुम्ही विचाराल, नुसत्या उघडझापीतून गाणे कसे निघेल? गंमत इथेच आहे. आमच्या चिपमध्ये ही उघडझाप सेकंदाला अडीच लाखांहून जास्त वेळा होते. माणसाचा कान सेकंदाला फार तर २०,००० कंपने ऐकतो. त्यामुळे ती उघडझाप आपल्याला ऐकूच येत नाही. आवाजाची लहर वर चढली, की चावी जास्त वेळ उघडी राहते. लहर खाली उतरली, की कमी वेळ. हौदात कोणी बादल्या ओतत असला, तरी हौदाच्या तोटीतून धार सलगच पडते ना? तसे स्पीकरमधले तारेचे वेटोळे हे तुकडे सपाट करते, आणि कागद मूळ आवाजाप्रमाणे हलतो.

या प्रकाराला ‘क्लास डी’ म्हणतात. लोक त्याला डिजिटल म्हणतात, पण हा डी त्या डिजिटलचा नव्हे. ए, बी, सी हे प्रकार आधीच होते, म्हणून पुढचे अक्षर डी. इंग्लंडमध्ये १९६४ साली सिंक्लेअर कंपनीने ‘एक्स-१०’ नावाचा असा संच घरी जोडायला विकायला काढला होता. पण त्या काळचे ट्रान्झिस्टर एवढ्या वेगाला कमी पडत. वेगवान ट्रान्झिस्टर आल्यावर ही रीत घरोघरी पोचली.

साहित्य

पीएएम ८४०३ या चिपची तयार पट्टी, ४ ओहम ३ वॅटचे दोन स्पीकर, इअरफोनची पिन असलेली वायर, मोबाईल चार्ज करायची जुनी वायर, पॉवर बँक आणि पुठ्ठ्याची दोन जाड खोकी.

कृती

१. चार्जरची वायर कापून लाल तार पट्टीच्या अधिक खुणेला आणि काळी तार उणे खुणेला जोडा. रंग फसवे असू शकतात, म्हणून आधी मीटरने तपासा.

२. पिनेचे टोक डाव्या आवाजाचे, मधले कडे उजव्याचे आणि बुडाचा भाग दोघांचा सामाईक. त्याप्रमाणे तीन तारा पट्टीवर लावा.

३. प्रत्येक स्पीकरच्या दोन तारा पट्टीवर आपापल्या जागी लावा. डाख देण्याचे काम गुरुजींनी केले, आम्ही तारा धरल्या.

४. खोक्याला स्पीकरएवढे गोल भोक पाडून स्पीकर आतून घट्ट बसवा आणि खोके बंद करा.

५. आवाज अगदी कमी ठेवून सुरू करा, मग हळूहळू वाढवा.

खबरदारी

या चिपला साडेपाच व्होल्टपेक्षा जास्त चालत नाही. मोटारसायकलची १२ व्होल्टची बॅटरी लावाल तर चिप जळेल. दोन स्पीकरच्या उणे तारा एकमेकींना किंवा बॅटरीच्या उणे टोकाला जोडायच्या नाहीत. इथे स्पीकरच्या दोन्ही तारांतून चिपची वीज येते. आणि घरातल्या २३० व्होल्टच्या बोर्डाला मुलांनी हात लावायचा नाही म्हणजे नाही!

निरीक्षण

स्पीकर नुसता हातात धरला तर आवाज पातळ येतो, खोक्यात बसवला की भरदार होतो. कागद पुढे गेला की पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. मधे आडोसा नसेल तर दोन्ही एकमेकींना मारून टाकतात. तासभर वाजवूनही चिपला बोट लावले तर चटका बसला नाही. आवाज पूर्ण वाढवला की तो फाटतो. बराच वेळ काही वाजले नाही, तर काही पॉवर बँका आपोआप बंद पडतात. त्या पुन्हा बटण दाबून सुरू कराव्या लागतात.

अनुमान

रिमझिम पावसात आता शेवटच्या रांगेला कविता नीट कळते. मुसळधार पाऊस आला तर मात्र नाही. तेव्हा एक खोके पुढे आणि एक वर्गाच्या मागे ठेवतो, म्हणजे मागच्यांनाही थोडे ऐकू येते. मागे बसणाऱ्या मुलांचाही धड्यावर आपल्याइतकाच हक्क आहे, नाही का?

पालकांना विनंती

घरात बंद पडलेला टीव्ही किंवा रेडिओ असेल, तर भंगारात देण्याआधी शाळेत सांगा. त्यातला स्पीकर बहुधा चांगला असतो. पण टीव्ही स्वतः उघडू नका, तो जाणकाराकडून उघडून घ्या. तिसरी-चौथीच्या वर्गासाठी आम्हाला असाच आणखी एक ध्वनिवर्धक करायचा आहे.

सांगा पाहू!

१. अर्धवट उघडी चावी गरम का होते?
२. उघडझाप सेकंदाला फक्त हजार वेळा केली तर काय ऐकू येईल?

उत्तरे वहीत लिहा आणि गुरुजींना दाखवा.

— इयत्ता ७ वीची एक विद्यार्थिनी