घरचा संगणक : नवशिक्यांसाठी पहिला धडा

संगणक ही वस्तू आता केवळ कचेरीपुरती राहिलेली नाही. शिक्षकांच्या घरी त्यावर प्रश्नपत्रिका तयार होतात, कर्मचाऱ्यांच्या घरी अहवालांचे मसुदे लिहिले जातात आणि शेतकरी कुटुंबांत सातबाऱ्याचे उतारे, पीक विम्याच्या पावत्या व मुलांची प्रमाणपत्रे त्यातच ठेवली जातात. मात्र ज्यांनी संगणक प्रथमच घरी आणला आहे, त्यांच्या मनात एक धास्ती असते. चुकीची कळ दाबली गेली तर यंत्र बिघडेल काय, असे त्यांना वाटते. वास्तविक कळ चुकल्याने यंत्र सहसा बिघडत नाही, आणि बिघडलेच तर ते दुरुस्त करता येते किंवा नवे आणता येते. परंतु त्यात आपण जे लिहिले व साठविले, ते एकदा नाहीसे झाले की कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. म्हणून यंत्रापेक्षा यंत्रातील मजकूर सांभाळण्यास आधी शिकावे, हाच या पाठाचा मुख्य हेतू आहे.

कारेलीबागेचे उदाहरण

हा धोका काल्पनिक नाही. बडोदे शहरातील कारेलीबाग ही विश्वामित्री नदीच्या बाजूची दाट वस्ती आहे. गायकवाडांच्या काळापासून या शहरात अनेक मराठी कुटुंबे नांदत आहेत. पावागडाच्या डोंगरातून येणारी ही नदी शहराच्या मधोमध वाहते. आजव्याच्या सरोवरातून सोडलेले पाणीही तिलाच येऊन मिळते. ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला. पुढे ऑगस्ट २०२४ च्या अखेरच्या आठवड्यात नदीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली आणि ज्या वस्त्यांत पाणी शिरले, त्यांत कारेलीबागही होती. सांगली व कोल्हापूर येथे २०१९ साली आणि चिपळूण येथे २०२१ साली लोकांनी असेच प्रसंग अनुभवले.

अशा वेळी तळमजल्यावरील घरात जमिनीवर ठेवलेली संगणकाची पेटी प्रथम बुडते. त्यात दहा वर्षांची छायाचित्रे, घराचा हिशेब आणि निवृत्तिवेतनाची कागदपत्रे असली व त्यांची दुसरी प्रत नसली, तर तो ठेवा पुन्हा हाती लागणे कठीण होते.

टेबल आणि कपाट

संगणकात दोन प्रकारची स्मृती असते. एक तात्पुरती व दुसरी कायम. तात्पुरती स्मृती म्हणजे लिहिण्याचे टेबल आणि कायम स्मृती म्हणजे कपाट, असे समजावे. पडद्यावर आपण लिहितो तो मजकूर आधी टेबलावर असतो. वीज गेली की टेबल आपोआप रिकामे होते. कपाटात ठेवलेले मात्र तसेच राहते. म्हणून लिहिताना दर दहा मिनिटांनी मजकूर जतन करावा. त्यासाठी कंट्रोल ही कळ दाबून धरून एस ही कळ दाबावी. काही नवी साधने हे काम आपोआप करतात, तरीही ही सवय सोडू नये. लिहिताना चूक झाल्यास कंट्रोल व झेड या कळा दाबल्या असता केलेला बदल मागे घेता येतो.

काढून टाकलेली फाईल लगेच नष्ट होत नाही. ती प्रथम पडद्यावरील कचरापेटीत जाते व तेथून परत आणता येते. पेन ड्राइव्हवरून काढून टाकलेली फाईल मात्र सामान्यतः कचरापेटीत जात नाही, हे ध्यानात ठेवावे.

नाव देण्याची शिस्त

कचेरीत प्रत्येक नस्तीला जसा क्रमांक व विषय असतो, तसेच प्रत्येक फाईलला अर्थपूर्ण नाव असावे. ‘नवीन १’, ‘शेवटचे’, ‘अगदी शेवटचे’ अशी नावे महिन्याभराने कोणालाच कळत नाहीत. नावात प्रथम वर्ष, मग महिना, मग दिवस व त्यानंतर विषय लिहावा. उदाहरणार्थ, ‘२०२५-०६-१५ वीजबिल’. असे केल्याने सर्व फाईली तारखेच्या क्रमाने आपोआप एकाखाली एक लागतात. घर, शेती, शाळा, आरोग्य असे चार-पाच फोल्डर करून ज्या त्या विषयाची फाईल ज्या त्या ठिकाणी ठेवावी.

मराठी लेखन

मराठी मजकूर सांभाळताना आणखी एक दक्षता घ्यावी लागते. जुन्या पद्धतीच्या अनेक टंकांत मराठी अक्षराच्या मागे प्रत्यक्षात रोमन अक्षराचा संकेत साठविला जात असे. तो टंक नसलेल्या संगणकावर अशी फाईल उघडली की निरर्थक चिन्हांची रांग दिसते. अशी फाईल हाती असूनही हरवल्यासारखीच असते. यासाठी नेहमी युनिकोड पद्धतीनेच लिहावे. तीत प्रत्येक अक्षराला जगभर मान्य असा स्वतःचा संकेत असतो.

युनिकोडमध्ये लिहिण्यासाठी इनस्क्रिप्ट हा कळफलक सोयीचा आहे. त्यात डाव्या हाताकडे स्वर व मात्रा आणि उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजने असतात. उच्चाराच्या क्रमाने लिहावयाचे, हा त्याचा नियम. ‘कि’ लिहिताना वेलांटी डोळ्यांना आधी दिसते. पण कळ दाबताना आधी ‘क’ व मग वेलांटी घ्यावयाची. ‘दर्या’ लिहिताना ‘र’, हलन्त व ‘य’ असा क्रम येतो. डोंगरातील ‘दऱ्या’ लिहिताना मात्र ‘र’ऐवजी नुक्ता असलेला ‘ऱ’ घ्यावा लागतो. रोज अर्धा तास सराव केल्यास काही आठवड्यांत हात बसतो.

तीन प्रती

आता मुख्य मुद्दा. जपून ठेवण्याजोग्या प्रत्येक फाईलच्या तीन प्रती असाव्यात, त्या किमान दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक प्रत घराबाहेर असावी. एक प्रत संगणकात, दुसरी बाहेरून जोडावयाच्या डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे किंवा इंटरनेटवरील विश्वसनीय साठवणुकीत, अशी व्यवस्था साध्या कुटुंबालाही परवडते. कारेलीबागेतील घराची तिसरी प्रत पुण्यातील भावाकडे असेल, तर विश्वामित्रीचा पूर तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

या तत्त्वाचा थोर पुरावा बडोद्यातच आहे. तेथील प्राच्य विद्या मंदिराने वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत प्रसिद्ध केली. त्यासाठी देशाच्या निरनिराळ्या भागांत, निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेली हस्तलिखिते ताडून पाहण्यात आली. वाळवी, आग व पाणी यांनी कित्येक पोथ्या नष्ट केल्या असतील; तरीही ग्रंथ टिकला, कारण त्याच्या नकला एकाच घरात नव्हत्या.

आज नकल करणे फारसे खर्चाचेही नाही. युनिकोडच्या प्रचलित साठवण पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट जागा घेते. ‘मराठी’ या शब्दात मात्रा धरून ५ चिन्हे आहेत, म्हणजे १५ बाइट झाले. एका पानावर २,००० चिन्हे धरली तर ६,००० बाइट आणि शंभर पानांच्या पुस्तकास सुमारे सहा लाख बाइट लागतात. या हिशेबाने ३२ गिगाबाइटच्या एका लहानशा पेन ड्राइव्हवर अशी पन्नास हजारांहून अधिक पुस्तके मावतील.

तथापि तीन गोष्टी विसरू नयेत. पहिली, पेन ड्राइव्ह हे कायमचे साधन नव्हे. दर सहा महिन्यांनी प्रत उघडून ती वाचता येते की नाही, हे पाहावे. दुसरी, प्रत घेतल्यावर बाहेरची डिस्क काढून ठेवावी, कारण फाईलींना कुलूप घालून खंडणी मागणारे विषाणू जोडलेल्या डिस्कवरही पसरतात. तिसरी, फोन व संगणक यांत एकाच वेळी दिसणारे सामाईक फोल्डर म्हणजे दुसरी प्रत नव्हे; एका ठिकाणी काढलेली फाईल दुसऱ्या ठिकाणाहूनही जाते. शासकीय प्रमाणपत्रांसाठी केंद्र शासनाने २०१५ मध्ये सुरू केलेल्या डिजिलॉकरचाही उपयोग करावा.

वीज, पाणी आणि फसवणूक

संगणकाची पेटी जमिनीवर न ठेवता उंचावर ठेवावी. भूजोडणी असलेल्या खटक्यावरच ती जोडावी आणि विजा कडाडत असता प्लग काढून ठेवावा. पाणी वाढत असल्याची सूचना मिळताच, हात-पाय कोरडे असताना, घरातील विजेचा मुख्य खटका बंद करावा व प्रत घेतलेली डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बरोबर न्यावी. यंत्र वाचविण्यासाठी पाण्यात उतरू नये. पूर ओसरल्यावर भिजलेला संगणक ‘चालतो का पाहू’ म्हणून सुरू करू नये. तसे केल्याने वाचण्याजोगा मजकूरही जाऊ शकतो. तो जाणकाराकडे द्यावा.

पाण्याप्रमाणे चोरालाही वाट मिळू देऊ नये. विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला; ती वापरणाऱ्यांनी पुढील व्यवस्था करून घ्यावी. पासवर्ड लांब असावा व प्रत्येक ठिकाणी वेगळा असावा. ओटीपी कोणासही सांगू नये. पैशांची फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

अभ्यास

वाचकांनी या आठवड्यात पुढील तीन कामे करावीत. (१) घरातील सर्वांत मोलाच्या दहा फाईलींची यादी करावी. (२) त्यांना तारीख व विषय असलेली नावे देऊन दोन प्रती घ्याव्यात व एक घराबाहेर ठेवावी. (३) त्यांपैकी एक फाईल दुसऱ्याच संगणकावर उघडून पाहावी. शिक्षकांनी हाच अभ्यास वर्गात करून घ्यावा. मुलांच्या हातून तो घरोघरी पोहोचेल. ज्या दिवशी आपले यंत्र अकस्मात बंद पडले तरी काही गमावले असे वाटणार नाही, त्या दिवशी हा पहिला धडा पुरा झाला, असे समजावे.