घाटाचा हिशेब

कोकणातून देशावर येणारी जी पुरातन वाट आहे, तिच्यावरील बोरघाट हा सह्याद्रीच्या प्रसिद्ध घाटांपैकी एक होय. पायथ्याशी खोपोली, माथ्यावर खंडाळा व लोणावळा, आणि त्यापलीकडे पूर्वेस पसरलेला मावळचा हिरवागार मुलूख. खोपोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६० मीटर उंच, तर लोणावळा सुमारे ६२० मीटर. म्हणजे अवघ्या पंधरा किलोमीटरांच्या वाटेत प्रवाशाला ५६० मीटरांची उंची चढून जावे लागते. या घाटाने आजवर कोणालाही फुकट वर येऊ दिलेले नाही. बैलगाडीच्या काळी घाटात बैलांच्या तोंडाला फेस येई. आगगाडी आली, तरी कर्जतला गाडीच्या पाठीशी जादा एंजिने जोडल्यावाचून ती घाट चढत नसे. तेलावरच्या मोटारी आल्या, तेव्हा त्यांतील पाणी उकळू लागे आणि वळणावळणावर त्या विसावा घेत उभ्या राहत. आता विजेवर चालणाऱ्या मोटारी आल्या आहेत. त्यांच्याकडूनही घाट आपला हिशेब चुकता करून घेतो.

पावसाळ्याचे दिवस होते. मुंबईचे एक कुटुंब अशाच एका विद्युत्-मोटारीतून कामशेतजवळच्या आपल्या गावी निघाले होते. पुढे बाबा मोटार चालवीत होते. मागे आजी, आई आणि सातवीत शिकणारी मुलगी बसली होती. मुलीला गणिताची मोठी आवड. मोटारीबरोबर मिळालेली पुस्तिका तिने वाचून काढली होती. त्या मोटारीच्या बॅटरीत ३० युनिट वीज मावते आणि एकदा बॅटरी भरली की मोटारीचा पल्ला ३१२ किलोमीटर, असे त्या पुस्तिकेत छापले होते.

खोपोली जवळ आली तेव्हा समोरच्या पडद्याकडे पाहून बाबा म्हणाले, “आठ युनिट उरली आहेत. येथे थांबून बॅटरी थोडी भरून घ्यावी.”

मुलीने मनातल्या मनात भागाकार केला आणि ती म्हणाली, “बाबा, कशाला थांबता? ३० युनिटांत ३१२ किलोमीटर, म्हणजे एका युनिटात दहा किलोमीटर. आठ युनिटांत ऐंशी किलोमीटर जाता येईल. येथून कामशेत तर तीसएक किलोमीटरच आहे!”

“तुझा भागाकार बरोबर आहे, बाळ,” बाबा म्हणाले, “पण तो सपाटीचा भागाकार आहे. आपल्याला घाट चढायचा आहे.”

मुलगी विचारात पडली. मग पुस्तिकेत छापलेला आकडा खोटा होता काय?

तो आकडा खोटा नव्हता. तो कसा काढतात हे कळले, म्हणजे त्याचा अर्थ उमगतो. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था वाहनांची अधिकृत चाचणी घेते. ‘एआरएआय’ या आद्याक्षरांनी ती सर्वत्र ओळखली जाते. चाचणीच्या वेळी मोटारीची चाके मोठ्या रुळांवर ठेवतात. चाके फिरतात, रूळ फिरतात, पण मोटार जागची हलत नाही. वेग केव्हा किती वाढवावा, केव्हा कमी करावा आणि केव्हा थांबावे, हे सारे आधीच ठरलेले असते. या ठराविक फेऱ्यांतील सरासरी वेग द्रुतगती मार्गावरील वेगाहून पुष्कळ कमी असतो. चाचणीगृहात चढ नसतो, पाऊस नसतो, समोरून येणारा वारा नसतो. गाडी गार करणारे यंत्रही तेथे चालू नसते. अशा स्थितीत बॅटरी संपेपर्यंत मोटार जितके अंतर कापील, तो तिचा प्रमाणित पल्ला. २०२० साली बाजारात आलेल्या टाटा नेक्सॉन या विद्युत्-मोटारीची बॅटरी ३०.२ युनिटांची होती आणि तिचा प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटर होता.

अशी चाचणी घ्यावीच कशाला, असे कोणी विचारील. तिचा उपयोग तुलनेसाठी असतो. सर्व मोटारींना एकच परीक्षा दिली, म्हणजे कोणती मोटार विजेचा वापर अधिक काटकसरीने करते हे समजते. शाळेच्या मैदानावर सर्व मुलांची शर्यत एकाच अंतराची असते. त्यावरून कोण अधिक चपळ हे कळते. परंतु मैदानावर पहिला आलेला मुलगा लोहगडाच्या पायऱ्या किती वेळात चढेल, हे त्या शर्यतीवरून सांगता येत नाही. त्यासाठी गडाचाच विचार करावा लागतो.

मग रस्त्यावर वीज कोठे खर्च होते? पहिला मोठा वाटेकरी म्हणजे वारा. मोटारीला समोरची हवा बाजूला सारीत पुढे जावे लागते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार ताशी १०० वेगाने जाऊ लागली, तर तिला हवेशी चौपट झुंजावे लागते. दुसरा वाटेकरी म्हणजे गाडीतील हवा गार करणारे यंत्र. मोटार रहदारीत अडकून जागच्या जागी उभी असली, तरी हे यंत्र वीज खातच असते. दिवे आणि काचेवरचे पाणी पुसणारे वायपर यांचा खर्च मात्र अगदी थोडा असतो. या साऱ्यांमुळे महामार्गावर अशा मोटारीला एका युनिटात दहा किलोमीटरांऐवजी साधारण सहासातच किलोमीटर जाता येते. म्हणजे ३१२ किलोमीटरांचा पल्ला प्रत्यक्षात दोनशेच्या आसपास येतो.

आणि घाटात तिसरा, सर्वांत मोठा वाटेकरी पुढे येतो, तो म्हणजे मोटारीचे स्वतःचे वजन.

एक हजार वॅटची शेगडी तासभर चालविली की एक युनिट वीज खर्च होते. माणसांसह १,७०० किलो वजनाची मोटार ५६० मीटर उंच उचलण्यास सुमारे २.६ युनिट ऊर्जा लागते. हे काम केवळ उचलण्याचे झाले. चाकांचे घर्षण, हवेचा विरोध, यंत्रातील तूट आणि गार हवा यांचा खर्च त्यात मिळविला, की खोपोलीहून लोणावळ्यास पोहोचेपर्यंत सुमारे पाच युनिट खर्ची पडतात. पाच युनिट आणि पंधरा किलोमीटर! म्हणजे घाटात एका युनिटाला तीनच किलोमीटर.

बाबांनी हाच हिशेब मुलीकडून करवून घेतला. तिने वही काढून लिहिले : हाती आठ युनिट. घाटासाठी पाच. लोणावळ्यापासून कामशेतपर्यंतच्या सोळा किलोमीटरांसाठी अडीच. उरले अर्धे युनिट. ते पाहून तिच्या चेहऱ्यावरचा रंग पालटला.

“आणि घाटात गाड्यांची रांग लागली तर?” बाबांनी विचारले.

बाहेर पाऊस कोसळत होता. आजीला दम्याचा त्रास होता. धुक्यात, ऐन घाटात गाडी बंद पडली असती, तर काय झाले असते, हे निराळे सांगण्याची गरज नव्हती. मुलगी चटकन म्हणाली, “बाबा, थांबूया.”

खोपोलीजवळच्या एका चार्जिंग केंद्रावर त्यांनी मोटार उभी केली. आजीने चहा घेतला. अर्ध्या तासात बॅटरीत दहा युनिटांची भर पडली. आता हाती अठरा युनिट झाली. मग मोटार घाटाला लागली. आकडा भराभर उतरू लागला, पण आता त्याची भीती वाटत नव्हती. खंडाळ्याजवळ खरोखरच वाहनांची रांग लागली होती, आणि तेथे बराच वेळ गेला. घरी पोहोचल्यावर मुलीने पडद्यावरचा आकडा वहीत उतरून घेतला. साडेदहा युनिट उरतील असे तिने मांडले होते. उरली होती दहा. खोपोलीला न थांबता ते पुढे आले असते, तर आठातून आठ जाऊन शून्य उरले असते.

“मग घाटाने आपली पाच युनिट गिळूनच टाकली म्हणायची!” रात्री जेवताना मुलगी म्हणाली.

“सगळी नाही,” बाबा हसून म्हणाले. “परत जाताना तो त्यांतली थोडी परत करील.”

आणि ते खरेच आहे. विद्युत्-मोटार उतारावर लागली, की तिची चाकेच तिच्या यंत्राला फिरवू लागतात. एरवी वीज घेऊन चाके फिरविणारे यंत्र तेव्हा चाकांकडून फिरून वीज निर्माण करते, आणि ती वीज बॅटरीत जमा होते. लोणावळ्याहून खोपोलीस उतरताना पंधरा किलोमीटर चालूनही बॅटरीत सुमारे एक युनिट वाढते. मात्र त्यासाठी बॅटरीत जागा हवी. लोणावळ्यातच बॅटरी काठोकाठ भरून कोणी लगेच घाट उतरू लागला, तर ही वीज साठवणार कोठे? पागोळ्यांखाली आधीच भरलेला हंडा ठेवला, तर पावसाचे पाणी वाहूनच जाते. तसेच हे होय.

बोरघाटाला ही युक्ती नवी नाही. १८६३ साली या घाटातून आगगाडी सुरू झाली. १९२९-३० च्या सुमारास कल्याण-पुणे लोहमार्गावर विजेची एंजिने धावू लागली. घाट उतरताना ही एंजिने वीज निर्माण करून ती वरच्या तारेत सोडीत, आणि त्याच तारेवर घाट चढणाऱ्या दुसऱ्या गाडीला तिचा उपयोग होई. उतरणाऱ्याने चढणाऱ्याला हात द्यावा, असाच हा प्रकार होता.

याच घाटात पाण्याचाही हिशेब चालतो. लोणावळ्याजवळच्या वळवण आदी तलावांत पावसाचे पाणी साठते. ते मोठ्या नळांतून पाचशे मीटरांहून अधिक खाली, खोपोलीच्या वीजगृहात सोडतात, आणि तेथे त्याच्या जोरावर वीज तयार होते. टाटांचे हे वीजगृह १९१५ साली सुरू झाले, आणि त्याच्या विजेवर मुंबईच्या कापडगिरण्या चालू लागल्या. एक हजार लिटर पाणी इतक्या उंचीवरून उतरले, की सव्वा युनिटाच्या आसपास वीज मिळते. ५६० मीटर चढण्यासाठी मोटारीला, यंत्रातील तूट धरून, सुमारे तीन युनिट वीज लागते. म्हणजे एक मोटार वर यावी म्हणून जवळजवळ अडीच हजार लिटर पाणी खाली उतरावे लागेल. पंधरा लिटरांच्या घागरीने मोजले, तर त्या सुमारे १६५ घागरी भरतील! पाणी उतरते तेव्हा देते, मोटार चढते तेव्हा घेते. घाट मधे उभा राहून दोहोंची नोंद ठेवतो.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला. मुलगी अंगणात वही घेऊन बसली. पुस्तिकेतला आकडा तिने खोडला नाही. ‘पल्ला ३१२ किलोमीटर’ असे लिहून त्यापुढे तिने जोडले : ‘सपाटीवर, मंद वेगाने, गार हवेवाचून.’ त्याखाली तिने दुसरी ओळ लिहिली : ‘बोरघाट चढताना, एका युनिटास तीन किलोमीटर.’ आजीने ते वाचले आणि ती म्हणाली, “आता तुझा आकडा पुरा झाला.”

कोणताही आकडा कोणत्या अटींवर काढला आहे हे जो विचारतो, त्याला तो आकडा वाटेत फसवीत नाही.

स्वाध्याय

१. प्रमाणित पल्ला कसा काढतात? त्याचा उपयोग काय?
२. महामार्गावर मोटारीचा पल्ला कोणत्या कारणांनी कमी होतो?
३. लोणावळ्यात बॅटरी पूर्ण भरून लगेच घाट उतरणे काटकसरीचे का नाही?
४. मुलीने पुस्तिकेतला आकडा का खोडला नाही, ते आपल्या शब्दांत लिहा.
५. खोपोलीस सहा युनिट उरली असती आणि कुटुंबाला केवळ लोणावळ्यापर्यंतच जायचे असते, तर तुम्ही कोणता सल्ला दिला असता? हिशेब मांडून सांगा.