स्वसंरक्षणाचा खटला चालू असताना: काय करावे, काय टाळावे

राहात्याच्या कोर्टाबाहेर, बाजारतळावर आणि मोबाइलच्या ग्रुपवर निकाल आधीच लावून मोकळे होणाऱ्या सर्वांसाठी.

काय करावे

१. आधी घटनेची तारीख बघा. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहिता लागते, त्याआधीच्या गुन्ह्याला भारतीय दंड संहिता.

२. मत देण्याआधी स्वसंरक्षणाची कलमे वाचा (नवी ३४ ते ४४, जुनी ९६ ते १०६). अकराच आहेत, चहा संपेपर्यंत वाचून होतात.

३. तीन प्रश्न विचारा: हल्ल्याची भीती खरी होती का, पोलिसांकडे जायला वेळ होता का, आणि मार गरजेपुरताच होता का.

४. 'खून' आणि 'निर्दोष' यांच्या मधला निकालही लक्षात ठेवा. हक्क बजावताना सद्हेतूने मर्यादा ओलांडली गेली, तर तो खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरू शकतो.

५. कोणी काय सिद्ध करायचे ते समजून घ्या. आरोपीचा बचाव संभवनीय दिसला तरी पुरतो, गुन्हा निःसंशय सिद्ध करणे सरकार पक्षाकडे असते.

६. उलटतपासणी होईपर्यंत थांबा. सरतपासणीत ठाम बोललेला साक्षीदार तिथे डळमळू शकतो.

७. पुढची तारीख ई-कोर्ट्स सेवेवर खटल्याचा सीएनआर क्रमांक टाकून स्वतः पाहा. टपरीवर कळलेली तारीख बरेचदा चुकते.

८. सुनावणी ऐकायची तर कोर्टात शांत बसा, फोन बंद ठेवा; न्यायाधीशांनी कामकाज बंद दालनात घेतले, तर बाहेर थांबा.

९. दोन्ही घरांची विचारपूस करा. एकाचा माणूस गेला आहे, दुसऱ्याचा तुरुंगाच्या उंबरठ्यावर आहे.

१०. निकालपत्र वाचून मगच बोला. सत्र न्यायालयानंतर उच्च न्यायालयाचे छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ आहे आणि त्यापुढे सर्वोच्च न्यायालय.

काय टाळावे

१. 'सुटणार की अडकणार' असा पोल ग्रुपवर टाकू नका. साक्षीदारही त्याच ग्रुपवर असतो.

२. निकालावर पैज लावू नका, जेवणाचीसुद्धा नाही. एका माणसाचा जीव गेलेला आहे.

३. लोकांच्या कलावरून निकाल ओळखू नका. आहुजाला गोळ्या घालून मारल्याचा आरोप असलेल्या नानावटींना १९५९ साली ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवले, १९६० साली उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

४. बारीक तपशिलाला क्षुल्लक म्हणू नका. त्याच खटल्यात नानावटींनी झटापटीत गोळ्या सुटल्याचे सांगितले, पण आहुजाच्या कमरेचा टॉवेल जागच्या जागी होता, हे न्यायालयाने बचावाच्या विरोधात धरले.

५. मोबाइलवरच्या क्लिपवरून पहिला वार कोणाचा हे ठरवू नका. चित्रीकरण बहुतेक वेळा भांडण पेटल्यावर सुरू होते.

६. 'पोलिसांपुढे कबुली दिली' एवढ्यावर निकाल सांगू नका. पोलिसांना दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही.

७. 'जामीन झाला म्हणजे सुटला' असे लिहू नका; जामिनावरचा आरोपीही पुढे दोषी ठरू शकतो.

८. साक्षीदाराला रस्त्यात गाठून 'काय सांगणार?' असे विचारू नका. अशा प्रश्नाची धमकी व्हायला वेळ लागत नाही, आणि खोट्या साक्षीसाठी धमकावणे हा सात वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे.

९. अल्पवयीन मुलाचे किंवा लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीचे नाव, फोटो, घर, शाळा यांतले काहीही पसरवू नका. ओळख उघड करणे हाच गुन्हा आहे.

१०. न्यायाधीशांवर 'मॅनेज झाले' असा आरोप करू नका. न्यायालयाच्या अवमानाला सहा महिन्यांपर्यंत साधी कैद होऊ शकते.

११. खटल्याला जातीचा, भावकीचा किंवा पक्षाचा रंग देऊ नका. निकाल लागल्यावरही दोन्ही घरांना याच तालुक्यात राहायचे आहे.

१२. निकालाच्या दिवशी गुलाल उधळू नका, फटाके वाजवू नका, बंदही पुकारू नका. अपिलाची मुदत तेव्हा कुठे सुरू होते.