बुबुळ बदलल्यानंतरचे वर्ष

"डॉक्टर, डोळा बसवून पंधरा दिवस झाले, अजून नीट दिसत का नाही?" हा प्रश्न नेत्ररोपण झालेला जवळजवळ प्रत्येक रुग्ण मला विचारतो. शेजारच्या काकूंना मोतीबिंदू काढल्यावर दुसऱ्याच दिवशी दिसू लागले, मग आपल्यालाच का नाही, असे वाटणे साहजिक आहे. पण ही शस्त्रक्रिया निराळी आहे.

मुळात नेत्ररोपणात अख्खा डोळा बसवत नाहीत. डोळ्याच्या पुढे घड्याळाच्या काचेसारखा जो पारदर्शक पडदा असतो, ज्याला डॉक्टर कॉर्निया आणि आपण बोलीत बुबुळ म्हणतो, त्याचा मधला साधारण ८ मिलिमीटरचा गोल भाग बदलतात. उसाचे पाते लागून, भाताचे कूस जाऊन किंवा चुन्याची पुडी डोळ्यात फुटून फूल पडले, की हा पडदा पांढरा होतो. १९०५ साली डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी जगातले पहिले यशस्वी बुबुळरोपण केले, तो रुग्णही चुन्यानेच डोळे भाजलेला मजूर होता.

या पडद्यात रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे परक्याचे बुबुळ शरीर सहसा सहन करते, रक्तगट जुळवावा लागत नाही. पण रक्त नाही म्हणूनच जखम भरायलाही फार वेळ लागतो. केसाहून बारीक नायलॉनचे सोळा किंवा त्याहून जास्त टाके असतात. ते साधारण वर्षानंतर, तेही थोडेथोडे काढतात. टाक्यांच्या ताणाने पडदा वेडावाकडा ओढला जातो, म्हणून तोवर नजर कमीजास्त होत राहते. चष्म्याचा पक्का नंबर टाके निघाल्यावरच ठरतो. काहींना त्यानंतरही विशिष्ट कॉन्टॅक्ट लेन्स लागते. (हल्ली काही रुग्णांत पडद्याचा फक्त आतला थर बदलतात. त्यांना सुरुवातीला छताकडे तोंड करून उताणे पडून राहावे लागते, पण नजर लवकर येते.)

सुरुवातीचे काही दिवस डोळ्यात खुपते, पाणी येते, उजेड सहन होत नाही. आंघोळ मानेखालून करावी, डोक्यावरून पाणी घेऊ नये. रात्री झोपेत हात लागू नये म्हणून डोळ्यावर प्लॅस्टिकची वाटी चिकटवावी. पाण्याची घागर, धान्याचे पोते, मळणीची धूळ यांपासून डॉक्टर सांगतील तोवर दूर राहावे. आणि हा सांधा मूळच्या इतका मजबूत कधीच होत नाही. दहा वर्षांनीही बैलाचे शिंग किंवा पोराचा चेंडू लागून तो उकलू शकतो, म्हणून बाहेर जाताना चष्मा असावा.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे थेंब. आमच्या भागातल्या एका ऊस बागायतदारांचे कलम फार सुरेख लागले होते. अकराव्या महिन्यात "आता चांगलं दिसतंय" म्हणून त्यांनी स्टिरॉइडचे थेंब आपल्या मनाने बंद केले. तीन आठवड्यांनी डोळा लाल झाला. डोळे आले असतील म्हणून त्यांनी गुलाबपाणी घातले आणि आठवड्याच्या बाजाराला गावात येणे होईल तेव्हा दाखवू, असे ठरवले. ते आले तेव्हा नऊ दिवस झाले होते आणि बुबुळ गढूळ काचेसारखे झाले होते. तासातासाला थेंब घातले, पण ते पुन्हा निवळले नाही. यालाच कलम नाकारणे म्हणतात. पहिल्या एक-दोन दिवसांत उपचार सुरू झाले, तर बहुतेक वेळा कलम वाचते.

यात माझीही चूक होती. सुटी देताना मी त्यांना सगळे सांगितले होते, पण तोंडी आणि घाईत. आता घरातल्या दोघांना समोर बसवून मोठ्या अक्षरातला कागद देतो: डोळा लाल होणे, उजेड न सोसणे, नजर मंद होणे, दुखणे. यातले एकही लक्षण दिसले, तर त्याच दिवशी यायचे, मग शस्त्रक्रियेला पाच वर्षे का झालेली असेनात. टाका सैल होऊन खुपू लागला तरी यायचे, कारण त्यातून जंतू आत शिरतात. याच थेंबांनी डोळ्याचा दाबही वाढू शकतो, म्हणून काही त्रास नसला तरी तपासणी चुकवायची नाही. आणि औषधाच्या दुकानातून मनाने थेंब आणायचे नाहीत.

त्या बागायतदारांचे नाव पुन्हा नेत्रपेढीच्या यादीत घातले. दुसऱ्या वेळी नाकारले जाण्याचा धोका जास्त असतो, हे त्यांना आधीच सांगितले होते. वाट पाहून दुसरे बुबुळ मिळाले. दाता कोण, हे नेत्रपेढी सांगत नाही. ते मात्र दर वेळी विचारतात.

मागच्या पावसाळ्यात ते सकाळच्या पहिल्या एस.टी.ने एकटेच आले. रात्रीपासून डोळा लाल होता. तपासले तर पापणीखाली धुळीचा कण निघाला, बुबुळ स्वच्छ होते. उगाच तुम्हाला त्रास दिला, असे म्हणू लागले. मी त्यांना चहा पाजला आणि पुढच्या तारखेचा कागद हातात दिला.